एमएस आहे का नाही ते ठरतं कसं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांसाठी

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस, ह्याची रक्त दिलं आणि संध्याकाळी रिपोर्ट आला अशी एकच टेस्ट नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ह्यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, डोळ्याची नस आणि मणक्यातली मुख्य नस ह्यांच्यावरचं मायलिन खराब करते, वायरीचं कोटिंग गेल्यासारखं. डॉक्टर शोधतात ते एवढंच की वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी इजा झालीय का, आणि दुसरा कुठला आजार तर नाही ना.

म्हणून पहिलं काम घरचं. आपल्याकडं होतंय काय, एका डोळ्यानं धूसर दिसलं म्हणून बेळगावात डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं, काही आठवड्यांत बरं झालं, मग वर्ष-दीड वर्षानं पाय बधिर झाला तर निपाणीवाला कोल्हापूर नाहीतर मिरजेला जातो, खानापूरवाला गोव्याला, आणि तिथं डोळ्याचं कुणी सांगतच नाही, बरं झालं होतं की ते! पण तोच पहिला अटॅक असू शकतो. वहीत लिहा: कधी सुरू झालं, कुठला भाग, किती दिवस टिकलं, तेव्हा ताप होता का. ताप-इन्फेक्शन नसताना 24 तासांच्या वर टिकलं तर अटॅक धरतात, आणि दोन वेगळे अटॅक म्हणायला मध्ये 30 दिवस तरी जायला लागतात.

डोळा फिरवताना दुखणं, लाल रंग फिका दिसणं, डबल दिसणं, मान खाली घातली की पाठीतून करंट उतरणं, तोल जाणं, लघवीची अचानक घाई, कडक पाण्यानं अंघोळ केली की किंवा मे महिन्याच्या उन्हात त्रास वाढणं, हे सगळं आठवून सांगा. बहुतेकदा 20 ते 40 वयात सुरू होतंय आणि बायकांत जास्त, त्यामुळं घरातल्या सुनेच्या मुंग्यांना अशक्तपणा म्हणून गोळ्या देत बसू नका, प्लीज.

न्यूरो डॉक्टर टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेऊन बाहुली बघतात, गुडघ्यावर हातोडी मारतात, तळवा घासून अंगठा वर जातो का बघतात. मग एमआरआय, मेंदू आणि मणका दोन्हीचा, शक्यतो कॉन्ट्रास्ट (ताजे डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन. एमएस ठरवायला डॉक्टर वापरतात त्या 2017 च्या मॅकडोनाल्ड निकषांत चार जागा आहेत: व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) कडेला, कॉर्टेक्सजवळ (मेंदूच्या बाहेरच्या थराजवळ), ब्रेनस्टेम-सेरिबेलम (मेंदूचा खालचा-मागचा भाग) आणि मणक्यातली नस. त्यातल्या दोन ठिकाणी तरी डाग लागतात, आणि कॉन्ट्रास्ट घेणारा ताजा डाग व न घेणारा जुना एकत्र दिसले तर वेळेचाही पुरावा होतो. नंतरच्या सुधारणेत डोळ्याची नसही पाचवी जागा म्हणून धरलीय. पण पांढरे डाग बीपीनं, मायग्रेननं, वयानंही येतात, त्यामुळं नुसत्या रिपोर्टवरून घाबरू नका आणि सीडी मागून घ्याच, पुढच्या गावचा डॉक्टर फोटो स्वतः बघणार.

पाठीतलं पाणी काढायला लोक फार भितात. सुई मुख्य नस संपते त्याच्या खालच्या भागात घालतात. नंतर काहींचं डोकं दुखतंय, आडवं झालं की कमी होतंय. ह्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे अँटिबॉडीचे पट्टे, बघतात, त्याच वेळी रक्तही देतात, कारण दोन किंवा जास्त बँड पाण्यात असून रक्तात नसले तरच अर्थ लागतो. बँड मिळाले नाहीत म्हणून एमएस नाहीच असंही नाही. डोळ्याची व्हीईपी टेस्ट करतात (पडद्यावरचं चित्र बघताना मेंदूपर्यंत सिग्नल किती वेळात पोचतो ते मोजतात), नस हळू चालत असेल तर त्यात कळतं.

आता रक्ताच्या टेस्ट, ज्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. बी12, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठी) हे एमएससारखं दिसणारं बाजूला काढायला. आणि एक्यूपी4 व एमओजी अँटिबॉडी (एमएससारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या खुणा), सेल-बेस्ड म्हणजे पेशींवर तपासायच्या पद्धतीनं केलेल्या, विचारूनच घ्या. कारण एक्यूपी4 पॉझिटिव्ह आला तर तो एनएमओ (डोळ्याची नस आणि मणक्यातली नस ह्यांना धरणारा वेगळा आजार), आणि एमएसची काही औषधं एनएमओ वाढवतात. सॅम्पल शक्यतो उपचाराआधी द्या, पण नजर जात असेल तर रिपोर्टसाठी स्टेरॉइड थांबवून ठेवायचं नाही.

इथं निदान अडकलं तर सगळे कागद, सीडी आणि ती वही घेऊन बेंगळुरूच्या निम्हान्सला (मेंदू-नसांच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला) जाता येतं. आणि दोन्ही पायांतली ताकद गेली, लघवी तुंबली किंवा नजर झपाट्यानं कमी झाली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा.