हात राखून वाजवायचं: पाहुण्या डीजेच्या आधीचा सेट

दौऱ्यावर आलेल्या डीजेच्या आधी वाजवायची पहिली संधी मिळाली, तेव्हा मी साडेबारालाच फ्लोअर पेटवून दिला. जवळ होते नव्हते ते सगळे हुकमी ट्रॅक एकामागून एक लावले. लोक ओरडत होते, हात वर होते, मला वाटलं याहून चांगलं काम काय असणार. एक वाजता पाहुणा बूथमध्ये आला. मी १३२ बीपीएमवर (मिनिटाला १३२ ठोके) होते आणि त्याचा पहिला ट्रॅक १२४चा. त्याने माझा ट्रॅक संपू दिला, दोन क्षण शांतता ठेवली आणि त्याच्या पद्धतीने संथ, खोल सुरुवात केली. दहा मिनिटांत निम्मा फ्लोअर बारकडे गेला. ती माणसं कंटाळलेली नव्हती, दमलेली होती, आणि त्यांना दमवलं होतं मी. त्याला वाजवायला दीड तास होता, त्यातला पाऊण तास त्याने खोली पुन्हा गोळा करण्यात घालवला. मला तो एका शब्दानेही बोलला नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं मी मुख्यतः हेच काम करते: बाहेरून डीजे येतो त्या रात्री दार उघडल्यापासून तो बूथमध्ये येईपर्यंतचा सेट. या कामात हात राखून वाजवावं लागतं. ज्यांना पहिल्यांदाच असं बोलावणं आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या वेअरहाउस क्लबमध्ये फ्रँकी नकल्स आणि न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराज क्लबमध्ये लॅरी लेव्हान हे डीजे वाजवत, तेव्हा त्या रात्रीची चढण, शिखर आणि उतार बहुतेक एकाच माणसाच्या हातात असे. आज रात्रीचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाकडे जातो. म्हणून पहिला तुकडा वाजवणाऱ्याने अख्ख्या रात्रीचा विचार करायचा असतो. मधल्या तुकड्यासाठी जो विमानातून उतरून थेट येतो, त्याला ती खोली माहीत नसते. तुम्हाला असते.

आठवडाभर आधी

पाहुण्याचे अल्बम ऐकू नका, त्याच्या अलीकडच्या दोन लाइव्ह सेटची रेकॉर्डिंग ऐका, आणि त्यातही पहिली वीस मिनिटं तीन-तीनदा. तो कुठल्या टेम्पोवर सुरू करतो, पहिल्या ट्रॅकमध्ये गाणारा आवाज असतो की नुसता ताल, किक (मोठ्या ड्रमचा खालचा ठोका) जाड असते की कोरडी, हे सगळं लिहून काढा. मग एक नकोची यादी करा. पाहुण्याचे स्वतःचे ट्रॅक, त्याने केलेले रीमिक्स आणि त्या दोन सेटमध्ये त्याने वाजवलेलं जे जे ओळखता आलं ते सगळं या यादीत टाकायचं. पाहुण्याचाच ट्रॅक त्याच्या आधी वाजवणं हा काही लोकांना मान दिल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तुम्ही त्याच्या हातातला पत्ता काढून घेतलेला असतो.

आयोजकामार्फत त्याच्या टूर मॅनेजरला तीन प्रश्न विचारा. पहिला ट्रॅक साधारण किती बीपीएमचा? वाजवणार कशावर, पेन ड्राइव्ह, लॅपटॉप की रेकॉर्ड? आणि माझ्या शेवटच्या ट्रॅकवरून मिक्स करून घेणार, की शांततेतून सुरू करणार? तीन ओळींच्या प्रश्नांना बहुतेक जण उत्तर देतात. लांबलचक पत्राला देत नाहीत.

उत्तर आलं की टेम्पो उलट्या दिशेने ठरवा. पाहुणा १२६ला सुरू करणार असेल तर मी १२३ला थांबते आणि ११६-११७ला सुरुवात करते. दोन-तीन बीपीएमची ही फट मुद्दाम ठेवते, म्हणजे त्याने पहिला ट्रॅक लावताच खोली आपोआप एक पायरी वर गेल्यासारखी वाटते. ड्रम अँड बेस या वेगवान शैलीचा डीजे १७४वर येणार असेल तर १७० गाठायच्या मागे लागू नका. १७४चं निम्मं ८७ होतं. ८५ ते ८७चे तुटक तालाचे, जड बेसचे ट्रॅक शेवटच्या अर्ध्या तासात वाजवले की शरीराला तो ताल आधीच ओळखीचा झालेला असतो. त्याने वेग दुप्पट केला तरी पाय चुकत नाहीत.

सेट तीन तासांचा असेल तर पाच तासांचं संगीत न्या. एकदा पाहुणीचं विमान उशिरा आलं आणि मला दीड तास जास्त वाजवावं लागलं. तोपर्यंत माझ्याकडचं संथ, मधल्या उंचीचं सगळं संपलं होतं. जे उरलं होतं ते मध्यरात्रीनंतरचं, म्हणजे नेमकं जे वाजवायचं नाही ते. आता मी 'उशीर झाला तर' असा वेगळा फोल्डरच ठेवते.

पेन ड्राइव्ह दोन न्या, दोन्ही सारखे भरलेले, दोन्ही फॅट-३२मध्ये फॉरमॅट केलेले. एक्सफॅट जुन्या प्लेअरवर उघडत नाही, आणि क्लबमधल्या प्लेअरपैकी अगदी पहिला सीडीजे-२००० फ्लॅक प्रकारची ध्वनिफाइलही वाचत नाही. म्हणून मी एआयएफएफ किंवा ३२०चा एमपीथ्री यापलीकडे जात नाही. क्लबमध्ये सीडीजे-३००० आहे असं सांगितलेलं असलं तरीही.

रिकाम्या खोलीतला एक तास

दार उघडायच्या निदान तासभर आधी पोहोचा. मी आधी बूथ मॉनिटर, म्हणजे बूथमध्ये डीजेसाठी ठेवलेला स्पीकर, तपासते, कारण तो नसेल किंवा बिघडला असेल तर बाकी सगळी तयारी वाया जाते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मुख्य स्पीकर तुमच्यापासून १० मीटरवर असतील, तर त्यांचा आवाज तुमच्या कानावर सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमधला आवाज मात्र तत्काळ. १२५ बीपीएमला एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा असतो, त्यात ३० मिलिसेकंदांची चूक म्हणजे 'धप्प'ऐवजी 'धडप्प'. तुम्हाला बीट जुळल्यासारखे वाटतील आणि फ्लोअरला दोन किक वेगवेगळ्या ऐकू येतील. मॉनिटर नसेलच तर दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्ये घेऊन तिथेच जुळवा, खोलीतल्या आवाजावर विसंबू नका.

मग प्लेअर. सगळे लॅन केबलने हबला जोडलेले आहेत ना, आणि प्रत्येकाचा क्रमांक वेगळा आहे ना, ते बघा. दोन प्लेअरना एकच क्रमांक असेल तर एका पेन ड्राइव्हवरून सगळ्यांवर वाजवणं जमत नाही, आणि ते कळतं नेमकं लोक जमल्यावर. प्लेअरचा क्रमांक आणि मिक्सरच्या चॅनेलचा क्रमांक एकच ठेवा, अंधारात गोंधळ होत नाही.

पाहुणा रेकॉर्डवर वाजवणार असेल तर आणखी एक चाचणी लागते, आणि ती ध्वनितंत्रज्ञाला बरोबर घेऊनच करा. टर्नटेबल बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवायची आणि त्या चॅनेलचा आवाज हळूहळू रात्रीच्या पातळीपर्यंत न्यायचा. खालून घुमणारा 'हूऽऽ' वाढत गेला तर सबवूफरची कंपनं टेबलातून सुईपर्यंत पोहोचताहेत असं समजा. टर्नटेबलखाली जड लादी आणि तिच्याखाली रबर देऊन पुन्हा बघा. एकसारखी बारीक गुणगुण येत असेल तर ती बहुतेक वेळा सुटलेली अर्थिंगची तार असते. हे काम दहा वाजेपर्यंतच होतं. एक वाजता, लोकांसमोर, पाहुण्याच्या हातात सुई असताना ते कुणालाच करता येत नाही.

आवाजाची पातळी तंत्रज्ञाबरोबर ठरवून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मर्यादा सुचवली, ती १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची. पाहुणा तिथपर्यंत जाणार हे धरून मी ९०च्या आसपास सुरू करते आणि ९६च्या वर जात नाही. ३ डेसिबल वाढवायचे तर अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट शक्ती द्यावी लागते, त्यामुळे तुम्ही सोडलेले ते चार डेसिबल त्याच्यासाठी मोठी शिल्लक असते. शिवाय मोठ्या आवाजात तासाभरात कान थकतात, वरचे स्वर बोथट वाटू लागतात आणि नकळत आपण ट्रेबल वाढवत जातो. इअरप्लग घाला. मिक्सरचे दिवे लालमध्ये जाऊ देऊ नका. लाल म्हणजे आवाजाच्या लाटेचे माथे कापले जाताहेत. त्यातून कर्कशपणा वाढतो आणि सिस्टिमचा लिमिटर (आवाज मर्यादेवर जाऊ न देणारं यंत्र) किक दाबून टाकतो, म्हणजे नॉब वाढवूनही ठोका बसत नाही.

वाजवताना

पहिला तास दहा-पंधरा माणसांचा. रिकाम्या खोलीत वरचे स्वर भिंतींवरून उसळतात, कारण ते शोषून घ्यायला माणसं नसतात. म्हणून या तासात तीक्ष्ण हाय-हॅटचे (ड्रमसेटमधल्या झांजांचे) ट्रॅक मी लावतच नाही. सात-आठ मिनिटांचे, गोल बेसचे, मोठं ब्रेकडाउन (ताल थांबतो तो भाग) नसलेले ट्रॅक घ्यायचे आणि मिक्स लांब करायचे, ६४ ठोक्यांपेक्षा कमी नाही. लोक एकमेकांना भेटत असतात, त्यांना बोलू द्या.

पुढच्या तासात फ्लोअरकडे नाही, बारकडे बघा. नाच आधी तिथे सुरू होतो, टाचेत आणि खांद्यात. मग दोघं-तिघं फ्लोअरच्या कडेला येतात. हा क्षण सगळ्यात नाजूक. नवखा डीजे इथे खूश होऊन लगेच मोठा ट्रॅक लावतो आणि ती तिघं बावरून मागे जातात, कारण रिकाम्या फ्लोअरवर मोठ्या ट्रॅकला साजेसं नाचायची त्यांची अजून तयारी नसते. जे ऐकून ती आली, तसेच आणखी तीन ट्रॅक लावा. त्यांच्यामागून बाकीचे येतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि अजूनही मला बूथमधली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते.

बाराच्या सुमाराला कुणीतरी बूथपाशी येऊन 'वाढव ना' म्हणेल. कधी तो क्लबचा व्यवस्थापकच असेल. त्याला नम्रपणे सांगा की एकला वाढणार आहे. दबावाखाली टेम्पो वाढवण्यापेक्षा ताल बदला: तेवढ्याच वेगाचा, पण जास्त तालवाद्यं असलेला ट्रॅक लावला की खोलीला हालचाल मिळते आणि तुमची पायरीही सुटत नाही. पूर्ण सेटमध्ये एक लहान लाट मी स्वतःला देते, साधारण दुसऱ्या तासाच्या शेवटी. एक गाणारा आवाज, एक मोकळा ड्रॉप (थांबलेला ताल पुन्हा जोरात येतो तो क्षण). मग परत खाली.

शेवटचा अर्धा तास वजाबाकीचा. आधी सूर कमी करत न्यायचा, मग आवाज गाळायचे. शेवटी किक, बेस आणि थोडी पोत एवढंच उरतं. अशा वीस मिनिटांनंतर पाहुण्याने वाजवलेली पहिली साधी धूनही नवी वाटते. फ्लोअर भरलेला असतो, पण अजून कुणी हात वर केलेला नसतो.

सोपवताना

चार प्लेअर असतील तर शेवटच्या अर्ध्या तासात मी एक आणि दोनच वापरते, तीन आणि चार मोकळे ठेवते. पाहुणा आला की बोटाने दाखवते: हा प्लेअर मोकळा, हा त्याचा चॅनेल, हेडफोन इथे. मग बाजूला सरकून त्याला मधली जागा देते. तो पेन ड्राइव्ह लावेल, ट्रॅक बघेल, मॉनिटरचा आवाज बदलेल. या वेळात गप्पा मारू नका.

शेवटचा ट्रॅक असा निवडा की त्याच्या टोकाला निदान दोन मिनिटं नुसता ताल उरेल. त्याला शांतता हवी असेल तर ट्रॅक स्वतःहून संपू द्या, फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) ओढून मारू नका. त्या चॅनेलचे ईक्यू (खालचे, मधले, वरचे स्वर कमी-जास्त करणारे नॉब) तिन्ही मध्यावर, फिल्टर मध्यावर, इफेक्ट बंद, क्रॉसफेडर वापरातून काढलेला, मास्टर होता तिथेच. प्लेअरच्या सेटिंग्ज त्याच्या पेन ड्राइव्हवरून येऊ शकतात, पण मिक्सरचे नॉब तुम्ही सोडलेत तिथेच असतात. अर्धवट कापलेला बेस त्याला अंधारात दिसत नाही. तो ट्रॅक आत घेतो आणि किकच येत नाही.

आणि तुमचा ट्रॅक वाजत असताना तुमचा पेन ड्राइव्ह काढू नका. तो निघाला की प्लेअर शेवटच्या काही ठोक्यांच्या लूपमध्ये अडकतो आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येतं. पाहुण्याने तुमचा फेडर खाली आणेपर्यंत थांबा, यूएसबी स्टॉपचं बटण दाबून धरा, दिवा विझला की काढा. दुसरा पेन ड्राइव्ह खिशात आहे ना तेही बघा, मी एकदा तसाच विसरून आले होते.

मायक्रोफोनवर लांब ओळख करून देऊ नका. फोटोसाठी बूथमध्ये रेंगाळू नका. मी खाली उतरते आणि मागे, तंत्रज्ञाच्या टेबलाजवळ उभी राहते. पुढची वीस मिनिटं मी कुणाशी बोलत नाही. त्याचा पहिला ट्रॅक पूर्ण आत येतो तेव्हा मी बारकडे जाणारी वाट बघत असते, आणि त्या वाटेवर किती जण आहेत ते मोजते.