वितळणाऱ्या घड्याळांची प्रत घरी आणताना

अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखी दृश्ये रंगवणाऱ्या शैलीतल्या चित्राची प्रत मागवण्याआधी मूळ चित्राचे माप अवश्य पाहावे. साल्वादोर दालीचे ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ हे वितळणाऱ्या घड्याळांचे १९३१ सालचे चित्र पुष्कळांना भिंतभर असावे असे वाटते. प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील मूळ चित्र अवघे २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद आहे. ए-३ कागदावर ते मूळ मापात बसून भोवती पांढरी कडही उरते. त्यामुळे स्वस्तात मोठी प्रत घेण्यापेक्षा त्याच पैशात लहान प्रत चांगल्या कागदावर घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. १२ × १८ इंचांच्या प्रतीत चित्राच्या कडा बऱ्याचदा कापल्या जातात, म्हणून चित्र पूर्ण येणार आहे ना, हे विक्रेत्याला आधीच विचारावे.

छपाईची पारख करायला याच चित्रात एक सोपी जागा आहे. डावीकडे खाली पालथ्या पडलेल्या नारिंगी घड्याळावर मुंग्या जमल्या आहेत. विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्यात तो भाग मोठा करून पाहावा. मुंग्या सुट्या न दिसता नुसता काळा डाग दिसला, तर ती प्रत घेऊ नये. कागद मॅट आणि २०० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) असावा, शाई पिगमेंटची असावी. तालुक्याला फ्लेक्स स्वस्तात छापून मिळतो, पण त्यावर सावल्यांची नाजूक छटा उतरत नाही.

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. दाली १९८९ साली वारला, त्यामुळे त्याची अधिकृत प्रतच घ्यावी. ईव्ह तांगी हा दुसरा अतिवास्तववादी चित्रकार मात्र १९५५ साली वारला. त्याच्या चित्राची उत्तम फाइल मिळाल्यास ती यवतमाळ किंवा नागपूरला छापून घेता येते. छापायच्या प्रत्येक इंचामागे ३०० पिक्सेल असावेत, म्हणजे ३३ सेंटिमीटर रुंदीला सुमारे ३,९०० पिक्सेल लागतात.

वाचलेले पैसे चित्र मढवण्यावर खर्च करावेत. माझी पहिली प्रत मी हौसेने थेट पश्चिमेच्या भिंतीला चिकटवली होती. उन्हाळ्यात तिचे रंग विटले आणि श्रावणात भिंतीला ओल येऊन कागदाला पोपडे धरले. तेव्हापासून फ्रेमवाल्याला मी तीन गोष्टी आवर्जून सांगतो: काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट बोर्ड घालावा, कसर आत शिरू नये म्हणून मागची फट कागदी पट्टीने बंद करावी, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे लावावेत, म्हणजे चौकट भिंतीपासून बोटभर सुटी राहते आणि मधून हवा खेळते. दुपारचे ऊन येणारी भिंत टाळून माजघरातली आतली भिंत निवडावी, आणि चित्र टांगण्याआधी पावसाळ्यात तिला कुठवर ओल चढते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.