पंडिती काव्य वर्गात नेताना: खान्देशातल्या नव्या भाषाशिक्षकांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माध्यमिक शाळेत मराठी किंवा संस्कृत शिकवायला नव्याने लागलेल्या शिक्षकाला व्याकरणापेक्षा पंडिती काव्याची, म्हणजे संस्कृत वळणाच्या जुन्या मराठी काव्याची, धास्ती जास्त असते. रघुनाथ पंडित, मोरोपंत ही नावं आली की मुलं शब्दार्थांच्या यादीकडे वळतात आणि शिक्षक गोष्ट सांगायला लागतो. गोष्ट रंगते, तास संपतो, कविता तशीच राहते. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी चाल, मग अन्वय (शब्द सरळ वाक्याच्या क्रमाने लावणं), मग अर्थ. गोष्ट लागेल तेवढीच.

पहिला श्लोक नीट निवडला तर अर्धं काम होतं. आठवी-नववीला सुरुवात रघुनाथ पंडितांच्या ‘नलदमयंती स्वयंवराख्याना’तल्या हंसाच्या श्लोकाने करावी. नळराजा उपवनात हंसाला पकडतो, तेव्हाचा हा श्लोक. मूळ कथा महाभारताच्या वनपर्वातली आहे.

तदितर खग भेणे वेगळाले पळाले
उपवन-जल-केली जे कराया मिळाले
स्वजन, गवसला जो, त्याजपाशी नसे तो
कठिण समय येता कोण कामास येतो?

वृत्त मालिनी. चरणात १५ अक्षरं, गण (लघू-गुरू, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, अक्षरांचे तीन-तीनचे गट) न-न-म-य-य, यती (थांबण्याची जागा) आठव्या अक्षरावर. हाच श्लोक घ्यायचं कारण असं की पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या चरणात एकही जोडाक्षर नाही. तिसऱ्यात ‘स्व’ चरणाच्या सुरुवातीलाच आहे आणि ‘त्या’च्या आधीचा ‘जो’ मुळातच गुरू आहे. म्हणजे ‘जोडाक्षरामागचं अक्षर गुरू’ हा नियम पहिल्या दिवशी सांगावाच लागत नाही. तो नियम आणि त्याचे मराठीतले अपवाद (‘तुम्ही’तला ‘तु’ लघूच राहतो) एकदम अंगावर टाकले की वर्ग तिथेच गारठतो.

पहिल्या तासाला पुस्तकं बंद. शिक्षकाने श्लोक तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदा यतीवर तोडून: ‘तदितर खग भेणे’, थांबा, ‘वेगळाले पळाले’. मुलांनी ओळीओळीने मागून म्हणायचं. साठ मुलांचा वर्ग असेल तर एका रांगेने पहिला तुकडा म्हणावा, शेजारच्या रांगेने दुसरा. बाकावर बोटाने ठेका द्यायचा, लघूला एक आणि गुरूला दोन. सुरुवातीचे सहा लघू मुलं भराभर पळवतात, पुढचे गुरूही त्याच वेगात कापतात आणि चाल मोडते. तेव्हा समजावत बसू नका, ‘भेणे वे’ ही तीन अक्षरं दोनदा ताणून म्हणून दाखवा. तिसऱ्या चरणात ‘स्वजन’नंतर छापलेल्या स्वल्पविरामावर मुलं हमखास अडखळतात. तो अर्थासाठी आहे, म्हणताना थांबायचं ते ‘जो’वर.

दुसऱ्या तासाला गणिताची चौकटीची वही मागवा. एका चौकटीत एक अक्षर, खाली लघू-गुरूची खूण. पंधरा चौकटी भरल्या नाहीत किंवा अक्षरं उरली, तर चूक मुलाला स्वतःलाच दिसते. बहिणाबाईंच्या गाण्यांतली आठ-आठ अक्षरांची चाल मुलांच्या कानात असतेच. तिथे अक्षरांची संख्या धरली जाते, इथे संख्येबरोबर लघू-गुरूचा क्रमही. फरक सांगायला एवढं पुरे.

उच्चारावरून मुलांना टोकण्याची घाई नको. अहिराणी किंवा लेवा बोलणाऱ्या घरातलं मूल ‘पळाले’चं ‘पयाले’ करतं, ‘कठिण’चं ‘कठिन’ करतं. त्याने वृत्त बिघडत नाही, कारण अक्षर एकाला एकच राहतं. बिघडतं ते ‘स्वजन’चं ‘सवजन’ झाल्यावर, कारण तीनाची चार अक्षरं होतात. टोकायचं ते इथे. बाकीचं वर्षभरात आपोआप सुधारतं आणि नाही सुधारलं तरी कविता अडत नाही.

अन्वयाचा तास सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच नवे शिक्षक गाळतात. फळ्यावर तीन प्रश्न लिहा: पळालं कोण? सापडलं कोण? ‘तो’ म्हणजे कोण? तिसऱ्या प्रश्नावर निम्मा वर्ग ‘नळराजा’ म्हणतो. ओळीचा क्रम लावून घ्या: जो गवसला, त्याच्यापाशी स्वजन नसे. मग ‘तो’ म्हणजे स्वजन हे उलगडतं. ‘वेगळाले’चा अर्थ मुलं ‘वेगवेगळ्या जातींचे पक्षी’ असा घेतात, इथे तो ‘वेगवेगळ्या दिशांना’ असा आहे. अन्वय झाला की आपल्या बोलीत सांगायला लावा. ‘हंस सापडना, बाकीना पाखरं पयी ग्यात’ (हंस सापडला, बाकीची पाखरं पळून गेली) असं एखाद्याने म्हटलं तर समजा, त्याला ओळ कळली. प्रमाण मराठीतला पाठ केलेला अर्थ याची खात्री देत नाही.

एवढं झाल्यावर मोरोपंतांची आर्या फार अवघड जात नाही. गणाऐवजी मात्रा मोजायच्या (लघूची एक, गुरूच्या दोन), एवढाच बदल. पंतांच्या ‘आर्या’ बहुतेक गीती या वृत्तात आहेत, मात्रा १२-१८-१२-१८. सरावाला ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची / ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंतांची’ हीच ओळ द्यावी. ती स्वतःच या मापात चोख बसते. एक सावधगिरी ठेवा: मात्रावृत्तात ‘कर्ण’ आणि ‘करण’ दोन्ही तीन मात्रांचे, त्यामुळे उच्चाराची चूक मोजणीत पकडली जात नाही. तिथे कानच लावावा लागतो.

संस्कृत घेणाऱ्या वर्गाला गणिताच्या शिक्षकांबरोबर एक जोडतास ठेवता येतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखामुळे भास्कराचार्यांचं नाव या भागाला परकं नाही. त्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात अर्जुनाच्या बाणांचं उदाहरण आहे: निम्म्या बाणांनी कर्णाचे बाण तोडले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपटीने घोडे आवरले, सहा शल्याला, तीन छत्र-ध्वज-धनुष्याला, एक कर्णाच्या मस्तकाला. उत्तर १००. श्लोक शार्दूलविक्रीडितात आहे, चरणात १९ अक्षरं. आधी म्हणून घ्या, मग सोडवा. त्याच ग्रंथात गायत्री छंदाच्या सहा अक्षरी चरणाचे लघू-गुरूने किती प्रकार होतात, हा प्रश्न आहे. उत्तर ६४. दोन अक्षरांचे चार, तीनांचे आठ असं फळ्यावर मांडत गेलं तर नववीची मुलं स्वतः तिथवर पोहोचतात.

मालिकांमुळे मुलांना महाभारत ‘माहीत’ असतं. एरंडोलकडची मुलं तर बकासुर आमच्याकडचाच, असं सांगतात, कारण एरंडोललाच एकचक्रानगरी मानण्याची तिथे परंपरा आहे. त्यावर वाद घालू नये, होकारही भरू नये. आदिपर्वातला बकवध वाचायला घ्यावा. राक्षसाचा ठरलेला वाटा गाडीभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. आज पाळी पांडव उतरलेल्या ब्राह्मणाच्या घराची, म्हणून बाप, आई, मुलगी आपापली कारणं सांगून ‘मीच जातो’, ‘मीच जाते’ म्हणतात. शेवटी बोबडं बोलणारं लहान पोर गवताची काडी उचलून ‘हिच्यानेच मारीन त्याला’ म्हणतं. भीमाच्या मारामारीत हा प्रसंग वाहून जातो. चार मुलांकडून चार भाषणं वाचून घेतली की महाकाव्य म्हणजे नुसती लढाई नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

घटक चार श्लोकांच्या वर नेऊ नका. पाठांतराला दोन पुरेत. वेळापत्रकात तो जुलै-ऑगस्टला बसवा. दसरा-दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि ऊसतोडणीमुळे पटावरची मुलं कमी होतात, अर्ध्यावर सुटलेली चाल जानेवारीत परत बसत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात सकाळच्या शाळेचे तास आखूड होतात, तेव्हा फक्त उजळणी घ्यावी.

दहावीच्या रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे लागतात. भाषिक वैशिष्ट्यांत मुलं ‘भाषा सोपी व ओघवती आहे’ असं छापील वाक्य टाकतात, तेही पंडिती काव्याबद्दल! त्याऐवजी चौकटीच्या वहीतलं उचलायला सांगा: सहा लघूंनी चरण पळत सुटतो, ‘भेणे’वर थबकतो. किंवा तीन चरण वर्णनाचे आणि चौथा प्रश्नाचा. असं एक वाक्य स्वतःचं असलं तरी उत्तर वेगळं दिसतं.