पत्रादेवीच्या अलीकडे: गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी हक्क आणि कागद

सावंतवाडी, कोल्हापूर, बेळगाव, चंदगड. कुठूनही आलात तरी पत्रादेवीच्या किंवा चोर्ल्याच्या हद्दीअलीकडे, म्हणजे गोव्यात, राज्यघटना तीच असते. काही कायदे मात्र बदलतात, आणि बरेच कागद नव्याने करावे लागतात. आपली माणसं अडकतात ती बहुधा इथेच. हक्क असतो, पण तो दाखवायला हातात कागद नसतो.

'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द कधीतरी कानावर येईल. तो मनाला लावून घेऊ नका. भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क कलम १९ देते, आणि जन्मस्थानावरून सरकारने भेदभाव करायला कलम १५ ची मनाई आहे. वास्तव्याच्या अटी ही वेगळी गोष्ट. गोवा सरकारच्या नोकरीसाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि तो मामलेदार कार्यालयातून मिळतो. म्हणून भाडेकरार, वीजबिलं, मुलांचे शाळेचे दाखले पहिल्या वर्षापासून एका फाईलीत जपून ठेवा. दहा वर्षांनी ते गोळा करणं फार जड जातं.

अर्ज मराठीत करता येतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा ठरली, आणि सरकारी कामकाजात मराठी वापरण्याचीही त्यातच तरतूद आहे. अर्ज कोणत्याही भाषेत करा, पण दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेऊनच बाहेर पडा. पोच नसेल तर पुढे तुमचा अर्ज आलाच नाही म्हणतात आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. अर्ज पडून राहिला तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. ते आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. 'माझं काम का होत नाही' असं विचारू नका, कारण 'का' ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. 'माझा अमुक नंबरचा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला, त्यावर काय शेरा पडला, त्याची प्रत द्यावी' असं विचारा.

भाड्याची खोली घेताना करार ११ महिन्यांचा का असतो, हे नीट समजून घ्या. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा वर्षागणिक चालणारा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, तो खर्च टाळायला ११ महिने. त्यात गैर काही नाही. पण करारावर 'लीज' लिहिलंय की 'लिव्ह अँड लायसन्स', हे बघाच. मालकाने परस्पर कुलूप बदललं आणि सामान बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही, फक्त ताबा कोणाचा होता आणि तो कायदा डावलून काढला का, एवढंच पाहिलं जातं. लायसन्सवाल्याची बाजू इथे कमजोर पडते, कारण कागदोपत्री ताबा मालकाकडेच राहिलेला असतो. करारात डिपॉझिटची रक्कम, ते किती दिवसांत परत मिळेल ती मुदत, नोटिशीचा काळ आणि त्या दिवशीचं वीज मीटरचं रीडिंग आकड्यात लिहून घ्या. मीटरचा फोटोही काढा. समोरचा माणूस खरंच मालक आहे का, याचा अंदाज घरपट्टीच्या पावतीवरून येतो. भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म पोलीस स्थानकात देणं हे मालकाचं काम, पण त्याची एक प्रत तुमच्याकडे हवी.

पोलीस स्थानकाची धास्ती सोडून द्या. कदंबच्या बसमध्ये सावंतवाडी ते पणजीच्या वाटेवर मोबाईल गेला, तर हद्द कुणाची यावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. कोणत्याही स्थानकात तक्रार घेऊन ती योग्य ठिकाणी पाठवणं बंधनकारक आहे. तिलाच झिरो एफआयआर म्हणतात. इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. अर्जात 'चोरीला गेला' ऐवजी 'हरवला' लिहिलं जातं. हरवल्याची नुसती नोंद होते, तपास होत नाही, आणि पुढे विम्याच्या दाव्यातही अडचण येते. चोरी झाली असेल तर चोरीच लिहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ऑनलाइन तक्रार केली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तक्रार घेतलीच नाही तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तरीही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. अटक झाली तर कारण सांगावं लागतं, तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद असलाच तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधीची परवानगी लागते. बायकांना, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्यांना साक्षीच्या जबाबासाठी स्थानकात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. तपासातल्या जबाबावर सही करायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. १५१०० ला फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा.

वेर्ण्याच्या वसाहतीत काम असो की कळंगुटच्या हॉटेलात, नियुक्तीपत्र मागाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. सीझन संपताना 'ऑक्टोबरला आलास की देऊ' म्हणतात, तिथे हे ठामपणे सांगा आणि पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, लेखी तक्रार द्या. मूळ प्रमाणपत्रं मालकाकडे ठेवू नका.

रेशनकार्ड राष्ट्रीय अन्नसुरक्षा योजनेतलं असेल तर इथल्या दुकानातही आधारवर धान्य मिळतं. मतदारयादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा. नवा फॉर्म ६ भरून दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे. नाव आलं की ग्रामसभेत बोलण्याचा हक्क मिळतो, तो वापरा. एमएचची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर मूळ आरटीओची एनओसी आणून गोव्याचा नंबर घ्यावा लागतो.

लग्न इथे लावणार असाल तर देवळातल्या मंगलाष्टकांनी कायद्याचं काम होत नाही. तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे दोनदा जावं लागतं. पहिली सही म्हणजे नुसता इरादा, दुसऱ्या सहीनंतर लग्न पक्कं. पहिल्या सहीवर थांबलेल्या मुली पुढे नवऱ्याने टाकल्यावर 'बायको' म्हणून काहीच मागू शकत नाहीत. पोरीच्या आईबापांनी दुसऱ्या सहीची तारीख स्वतः लक्षात ठेवावी.

जमीन किंवा घर विकत घेताना सगळ्यात जास्त जपा. गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. म्हणून एक-चौदाच्या (इथल्या सातबाराच्या) उताऱ्यावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी विक्रीखतावर बायकोची सही लागते. मूळ मालक वारला असेल तर वारसांचा उत्तराधिकार दस्त किंवा इन्व्हेंटरीचा (कोर्टातल्या वारसवाटणीचा) निकाल मागा. त्याच उताऱ्यावर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) नोंदलाय का, ते बघा. घर बांधायचं तर सनद, म्हणजे जमीन बिनशेती केल्याचा आदेश, हवी. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते, आणि कोमुनिदादची (गावच्या सामाईक संस्थेची) जागा 'पंचायतीचा घरक्रमांक आहे' म्हणून आपली होत नाही. उतारा, सनद, वारसांचा कागद आणि विकणाऱ्याच्या लग्नाचा दाखला, एवढं आपल्या वकिलाने तपासल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नका.