मिळून ऑर्डर घेताना टॉवेल कारखानदारांनो, या चुका टाळा

पाच-सहा जण मिळून मोठी ऑर्डर उचलतात. पहिली खेप सुरळीत जाते, दुसऱ्या खेपेला एकमेकांचे फोन घेणे बंद होते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भांडण नफ्यावरून झाले असे सांगतात. आमच्या मते मूळ बहुतेक वेळा वजनकाट्यावर सापडते.

वजन तोंडी ठरवणे. ७५ बाय १५० सेंमीचा टॉवेल ४५० जीएसएमला (एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) ५०६ ग्रॅम भरतो, ४३० ला ४८४. हा फरक हाताला कळत नाही, पण १०,००० नगांत सव्वादोनशे किलो सूत वाचते. ते एकाने वाचवले तरी माल परत येतो सगळ्यांचा. म्हणून पाईल (टॉवेलवरचे फासे), ताणा आणि बाणा यांचे काउंट (सुताची जाडी-बारीकी), नगाचे वजन आणि ते धुण्याआधीचे की नंतरचे, हे कागदावर घ्या. खरेदीदाराने सही केलेला नमुना प्रत्येक शेडमध्ये टांगा. पॅकिंगआधी दर शंभरातले पाच नग एकाच काट्यावर, एकाच खोलीत तोला. सूत हवेतला ओलावा पितं. पावसाळ्यात तोच टॉवेल जड भरतो, आणि चोर सुटतो.

रंगाई ज्याने त्याने करणे. ट्यूबलाइटखाली जुळलेली रंगछटा उन्हात वेगळी दिसते. सूत एकाच ठिकाणी रंगवा, लॉट नंबर बीमवर (ताणा गुंडाळलेल्या रुळावर) लिहा, दोन लॉट एका खोक्यात घालू नका.

बिल कोणाच्या नावाने, हे नंतर बघू म्हणणे. जो खरेदीदाराला बिल लावतो, तोच बाकीच्यांचा देणेकरी होतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु युनिटला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, सूत पाठवलेत तर माल पाठवल्याचे चलन ठेवा. तो माल वर्षाच्या आत परत यायला हवा.

शेजाऱ्याचा फक्त दर बघणे. त्याने दोन रुपये तोडले की आपण तीन तोडायचे, यातून कोणीच काही शिकत नाही. बघायचे ते त्याचे माग किती वेळ बंद राहतात. पंधरा दिवस प्रत्येक मागाला एक वही लावा: ताणा तुटला, बाणा तुटला, बीम बदली, वीज गेली, जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची) वाट पाहिली, आणि प्रत्येकापुढे मिनिटे. मग भागीदारांनी वह्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात. एकाच लॉटचे सूत सगळ्यांकडे तुटत असेल तर दोष सुताचा, गिरणीशी मिळून बोला. एकाकडेच तुटत असेल तर त्याचे सायझिंग (ताण्याला दिलेली खळ), ताण किंवा माग तपासा. हा निवाडा एकट्याच्या वहीतून होत नाही. वही नसेल तर जॉबर शेजारी गेला की सगळी अक्कलही त्याच्याबरोबर जाते.

जीआयवर (भौगोलिक मानांकनावर) निर्धास्त राहणे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही जीआय आहे. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक उत्पादकाला वेगळी नोंद करावी लागते. ती सगळ्या भागीदारांनी एकदमच करून घ्यावी.

चालणाऱ्या मालावरच सगळे माग लावणे. २४ माग असतील तर दोन नव्या बनावटीला ठेवा. त्यांचा तोटा भागीदारांत वाटून घ्या आणि जमलेली बनावट किती महिन्यांनी सगळ्यांना खुली होईल, ते आधीच लिहा.