निर्वासित आणि देशाची सुरक्षा: फॅमिली ग्रुपवर वाद पेटला की आधी काय तपासायचं

वॉशिंग्टनमधे २६ नोव्हेंबर २०२५ ला नॅशनल गार्डच्या (अमेरिकेचं राखीव सैन्य) दोघांवर गोळ्या झाडल्या, त्यातली २० वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी गेली. संशयित अफगाण आहे हे कळलं आणि तासाभरात आमच्या ग्रुपवर सुरू झालं. नाशिकच्या काकांनी लिहिलं "घ्या अजून निर्वासित घरात", न्यू जर्सीच्या चुलतभावाने लिहिलं की निर्वासितांपासून धोका वगैरे काही नसतोच, सगळा प्रचार आहे, आणि मग दोन दिवस फॉरवर्डवर फॉरवर्ड. मी ओहायोत कोलंबसला राहते, इथे निर्वासित कुटुंबांना उतरवून घ्यायला, शाळेत नाव घालायला वगैरे बरीच वर्षं मदत केली आहे, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे आणि त्यावर अर्धवट माहितीने कोणी बोललं की खरंच त्रास होतो. मग ते कोणत्याही बाजूचे असोत. तर मी स्वतः हे कसं तपासते ते नीट लिहून ठेवते आहे, पुढच्या वेळी कामाला येईल.

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा, हा माणूस कोणत्या दारातून आला? अमेरिकेत यायची दारं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक दारावरची तपासणी वेगळी आहे, आणि आपण सगळ्यांना 'निर्वासित' म्हणून मोकळे होतो. रिसेटलमेंट म्हणजे माणूस अजून परदेशात, कॅम्पमधे वगैरे असताना त्याची निवड आणि तपासणी तिकडेच होते आणि मग तो विमानाने येतो. असायलम म्हणजे माणूस आधी इथे पोचतो, सीमेवर किंवा देशाच्या आत, आणि मग आश्रय मागतो. पॅरोल म्हणजे आणीबाणी आहे म्हणून सरकार तात्पुरतं आत घेतं. आणि मग टुरिस्ट, स्टुडंट, लग्नाचा असे नेहमीचे व्हिसा.

वॉशिंग्टनचा संशयित काबूल पडल्यावर २०२१ मधे पॅरोलवर आला, तिकडे सीआयएच्या पाठबळावर चालणाऱ्या तुकडीत त्याने काम केलेलं होतं, आणि असायलम त्याला २०२५ मधे मिळालं. म्हणजे रिसेटलमेंटच्या दारातून तो आलेलाच नाही. पण हे सांगून चुलतभावासारखं "मग प्रश्नच मिटला" म्हणायचं नाही! त्या वेळी लोकांना काही आठवड्यांत आणलं गेलं, आणि होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने (खात्याचा स्वतंत्र तपासनीस) २०२२ मधे लिहिलं की काही लोकांची नावं, जन्मतारखा, कागदपत्रं चुकीची किंवा अपुरी होती. ही खरी तक्रार आहे, फक्त ती त्या घाईच्या दाराबद्दल आहे.

एकदा ही सवय लागली की जुन्या बातम्याही वेगळ्या दिसायला लागतात. ९/११ चे १९ जण व्हिसा घेऊन आले होते, त्यात निर्वासित एकही नव्हता. सॅन बर्नार्डिनो, डिसेंबर २०१५, १४ जण मेले, नवरा अमेरिकेतच जन्मलेला आणि बायको फियान्से व्हिसावर आलेली. बोस्टन मॅरेथॉनचे भाऊ लहान असताना आले आणि घरच्यांना असायलम मिळालं. बर्लिनचा ट्रकवाला, डिसेंबर २०१६, १२ जणांचा जीव गेला, त्याचा आश्रयाचा अर्ज तर नाकारलेला होता पण परत पाठवायचे कागद होत नव्हते म्हणून तो तिथेच राहिला. चार बातम्या, चार वेगळे बिघाड, आणि ग्रुपवर चारही एकाच शब्दाखाली येतात.

आता दुसरं काम, रिसेटलमेंटच्या दारावर काय होतं ते स्वतः एकदा क्रमाने सांगून बघा, सांगता आलं नाही तर अजून वाद घालू नका. बहुतेक वेळा आधी युएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, नोंद करते, मुलाखत घेते आणि त्यातले थोडे लोक पुढे सुचवते. जगातल्या एकूण निर्वासितांपैकी वर्षाला १ टक्क्यापेक्षाही कमी लोकांना असा तिसरा देश (मायदेश आणि कॅम्पचा देश सोडून) मिळतो. मग अमेरिकेची फाइल उघडते, फोटो, बोटांचे ठसे, एफबीआय, नॅशनल काउंटरटेररिझम सेंटर, संरक्षण खातं, सगळ्यांच्या यादीत नाव फिरवून बघतात, मग अमेरिकेचा अधिकारी समोरासमोर बसून मुलाखत घेतो, मग मेडिकल. साधारण १८ ते २४ महिने, आणि मधे एखाद्या तपासणीची मुदत संपली की ती परत करायची, तोवर दुसऱ्या कशाची तरी संपते. कुठला देश हवा ते अर्जदार ठरवत नाही.

हे मी कागदावर वाचलं होतं पण कळलं एअरपोर्टवर. २०१२ च्या थंडीत भूतानी कुटुंब येणार होतं, नेपाळी बोलणारे लोक, भूतानमधून नव्वदच्या सुमाराला हाकललेले आणि नेपाळच्या झापा जिल्ह्यात बेलडांगीच्या कॅम्पमधे वीस वर्षं काढलेले. सहा माणसं, आणि आजीच्या छातीशी घट्ट धरलेली पांढरी प्लास्टिकची पिशवी, निळ्या अक्षरात आयओएम (निर्वासितांच्या प्रवासाची सोय करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) लिहिलेली. निर्वासित ओळखायची खूण म्हणजे ही पिशवी, त्यात सगळे कागद आणि छातीचा एक्स-रे. गाडीत, जिन्यावर, घरात शिरल्यावरही आजी ती पिशवी खाली ठेवेना. आल्याबरोबर गरम जेवण तयार ठेवायचं असा नियमच असतो, मी वरणभात नेला होता, तोही त्यांनी पिशवी मांडीवर ठेवूनच खाल्ला. त्यांच्याकडे दालभात म्हणतात, मुलाने पातेल्यात डोकावून तेच म्हटलं आणि सगळे पहिल्यांदा हसले. नंतर ओळख वाढल्यावर मुलाच्या वडिलांनी सांगितलं की मुलाखतीत सगळ्यांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले, झोपडीचा नंबर काय, शेजारी कोण, कुठल्या वर्षी कोण जन्मलं, आणि त्यांच्या आईला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती त्यावरून फाइल अडकली होती. विमानाचं भाडंही फुकट नसतं, ते बिनव्याजी कर्ज असतं, ते कुटुंब महिन्याच्या महिन्याला फेडत होतं. असे लाखाहून जास्त भूतानी लोक वेगवेगळ्या देशांत गेले, सगळ्यात जास्त अमेरिकेत, आणि कोलंबसला तर देवळात रोज भेटतात.

तिसरं, आणि हे जरा अवघड जातं, आपल्या बाजूला टोचणारी उदाहरणं आपणच आधी मांडायची. मला दोन कायम लक्षात ठेवावी लागतात. एक केंटकीचं, बोलिंग ग्रीन. तिथे मे २०११ मधे दोन इराकी पकडले, दोघंही रिसेटलमेंटनेच आलेले. एकाच्या बोटांचा ठसा इराकमधल्या रस्त्याकडेच्या बॉम्बच्या सुट्या भागावर होता, तो भाग अमेरिकेच्याच ताब्यात होता, आणि तरी तपासणीत जुळला नाही. अमेरिकेत हल्ल्याचा कट नव्हता, इराकमधल्या अल-कायदाला शस्त्रं आणि पैसे पाठवायचा प्रयत्न होता, पण चूक ती चूकच. त्यावर सरकारने आधी आलेल्या इराकी लोकांची नावं परत तपासायला घेतली आणि नव्यांचं येणं एकदम मंदावलं, त्यात अमेरिकन सैन्यासाठी दुभाषाचं काम केलेले, ज्यांच्या जिवाला तिकडे खरोखर धोका होता असे लोकही अडकले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हे.

दुसरं आमच्या गावातलंच. २८ नोव्हेंबर २०१६ ला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत एका सोमाली विद्यार्थ्याने लोकांवर गाडी घातली आणि मग सुरा काढला, पोलिसाच्या गोळीने तो मेला, बाकी जखमी वाचले. तो २०१४ मधे टीनएजर असताना घरच्यांबरोबर निर्वासित म्हणूनच आला होता. त्या दिवशी मी ऑफिसात दार लावून बसले होते आणि संध्याकाळी ओळखीच्या सोमाली बाईंचा फोन आला की उद्या मुलांना शाळेत पाठवू का नको. तर, अशी केस आली की "ती अपवाद आहे" एवढं म्हणून पळायचं नाही. विचारायचं की विमानात बसायच्या आधीची कुठली तपासणी याला पकडू शकली असती? पुढे दोन वर्षांनी मुलाच्या डोक्यात काय जाईल ते कुठलाही ठसा सांगत नाही. ते काम इथल्या शाळेचं, घरच्यांचं आणि पोलिसांचं आहे.

आणि एक आक्षेप खरंच जड आहे. ज्या देशात सरकारच कोसळलंय तिथे पोलिस रेकॉर्ड नाही, मग तुम्ही यादीत नाव फिरवणार कशात? एफबीआयच्या तेव्हाच्या डायरेक्टरने, जेम्स कोमी यांनी, २०१५ मधे सीरियन लोकांबद्दल संसदेत हेच सांगितलं होतं, की ज्याची नोंदच नाही त्याचं काही सापडणार नाही. काका हे म्हणाले तर त्यांना गप्प करू नका, ते बरोबर आहेत. त्यावर एवढंच सांगता येतं की नोंद नसेल तिथे मुलाखत, साक्षी आणि वेळ यावर भिस्त ठेवावी लागते आणि शंका असेल तर अर्ज नाकारतात, ठोस पुरावा लागत नाही. आणि आत आला की कोणी काही करू शकत नाही हेही खरं नाही, वर्षभराने ग्रीन कार्डसाठी परत तपासणी होते. २०२५ मधे तर काही भूतानी लोकांना जुन्या गुन्ह्यांवरून भूतानला परत पाठवलं, आणि भूतानने त्यांना ठेवून न घेता भारताच्या सीमेकडे ढकललं. ते वाचून मला झोप लागली नव्हती, पण ती वेगळी गोष्ट.

आकडा आला की आधी विचारायचं की यात कोण कोण मोजलेत. एका बाजूने केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकन अभ्यास संस्थेचा आकडा येतो, १९७५ ते २०१५ चा हिशोब, निर्वासिताच्या दहशतवादी हल्ल्यात अमेरिकेत एखादा माणूस मरायची शक्यता वर्षाला ३६४ कोटींत १. बरोबर आहे, पण तो फक्त मृत्यूंचा आहे, जखमी किंवा बोलिंग ग्रीनसारखी केस त्यात दिसत नाही. दुसऱ्या बाजूने सरकारचा जानेवारी २०१८ चा रिपोर्ट येतो, आंतरराष्ट्रीय दहशतवादात दोषी ठरलेल्या ५४९ पैकी ४०२ परदेशात जन्मलेले. ऐकायला भयंकर, पण त्यात खटल्यासाठी मुद्दाम पकडून आणलेले लोकही आहेत, देशातला दहशतवाद धरलेलाच नाही, आणि 'परदेशात जन्मलेला' म्हणजे निर्वासित नव्हे, त्या हिशोबात मीही येते.

मर्यादा आणि प्रत्यक्ष आलेले लोक हेही वेगळं बघा. १९८० च्या रेफ्युजी अॅक्टप्रमाणे राष्ट्राध्यक्ष दर वर्षी वरची मर्यादा ठरवतो, वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २०१६ ला मर्यादा ८५,००० आणि आले ८४,९९४. २०२२ ला मर्यादा १,२५,००० आणि आले फक्त २५,४६५. तेव्हा "बायडनने सव्वा लाख आणले" असा त्या वर्षाचा फॉरवर्ड आला की हा दुसरा आकडा टाका.

युरोपचा व्हिडिओ अमेरिकेच्या वादात आला तर तिथेच थांबवा. पॅरिसला १३ नोव्हेंबर २०१५ ला १३० जण मेले, एका हल्लेखोराजवळ खोटा सीरियन पासपोर्ट सापडला, तो ग्रीसच्या बेटावरून बोटीने आलेल्या गर्दीतून आला होता. बहुतेक हल्लेखोर फ्रान्स-बेल्जियमचेच नागरिक होते, पण त्या एका पासपोर्टवरून आठवड्याभरात अमेरिकेत तीसच्या आसपास गव्हर्नर म्हणाले की आमच्या राज्यात सीरियन नकोत. बोटीने उतरलेल्याची नोंद उतरल्यावर होते, विमानाने येणाऱ्याची दोन वर्षं आधी. तसंच रोहिंग्यांचंही, भारताने निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, निर्वासितांचा वेगळा कायदा नाही, अमेरिकेसारखा रिसेटलमेंट कार्यक्रम नाही. तो वाद महत्त्वाचा आहे, पण स्वतंत्र घाला. आणि कोणी म्हणालं की आपल्याकडे असलं कधी नव्हतंच, तर त्यांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवण द्या, १९४३ ते १९४८ तिथे पाचेक हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका-मुलं, रशियातून इराणमार्गे आलेले.

शेवटचं, दोन्ही बाजूंना एकच फूटपट्टी लावा. ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने रिसेटलमेंट थांबलं, कारणांत सुरक्षाही होती. फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांसाठी वेगळा आदेश निघाला आणि मे महिन्यात त्यांचा पहिला गट विमानाने आलासुद्धा. २०२६ ची मर्यादा ठरली ७,५०० आणि त्यातही प्राधान्य त्यांनाच. मी काकांना एवढंच विचारलं की एकाची तपासणी दोन वर्षं आणि दुसऱ्याची तीन महिने, हे सुरक्षेच्या हिशोबाने कसं बसतं. आणि चुलतभावाला विचारलं की २०२१ ची घाई परत करायची वेळ आली तर तू त्यात काय बदलशील. काकांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, ग्रुपवर नाही, आणि पाऊण तास बोललो. चुलतभावाने अजून उत्तर दिलेलं नाही, मी वाट बघते आहे.