गाण्यातला आवाज काढताना बास गमावता? या चुका टाळा

दिवाळी झाली की आमच्या गडचिरोलीतल्या वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. जानेवारीत शाळांची संमेलनं, एप्रिलमध्ये भीमजयंती. या दिवसांत कराओके ट्रॅक भरलेले पेनड्राइव्ह माझ्याकडे येत राहतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: गायकाचा आवाज काढला, सोबत बासही (खालचा, जड आवाज) गेला. गाणं पोकळ वाजतं, नाचणाऱ्या पोरांना ठेका सापडत नाही.

कारण साधं आहे. स्टीरिओ गाण्यात गायक मधोमध असतो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच. एक चॅनेल उलटा करून दुसऱ्यात मिसळला की जे दोन्हीकडे सारखं ते कटतं. पण बास गिटार आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल) हेही मधोमधच असतात. खालच्या आवाजाला ताकद जास्त लागते, म्हणून तो दोन्ही स्पीकरवर वाटून देतात. रेकॉर्डच्या काळात तर एकाच बाजूला जोराचा बास दिला की सुई खाचेतून उडायची. तेव्हाची पद्धत अजून चालू आहे.

पहिली चूक, गेलेला बास इक्वलायझरने (खालचे-वरचे आवाज कमीजास्त करणाऱ्या नॉबने) वाढवणं. या चुकीचा मला फार त्रास होतो. वजाबाकीत कटलेला आवाज फाइलमध्ये उरतच नाही. नॉब कितीही फिरवा, घरघर वाढेल आणि एखाद्या दिवशी स्पीकरचा कागद फाटेल. बास मूळ गाण्यातूनच परत घ्यावा लागतो. मी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ गाण्याची दुसरी प्रत घेतो, मोनो करतो (दोन्ही चॅनेल एकत्र), तिच्यावर १२० हर्ट्झचा लो-पास फिल्टर लावतो, म्हणजे त्याखालचाच आवाज उरतो, रोल-ऑफ (कापण्याचा उतार) २४ डेसिबल, आणि ती प्रत आवाज काढलेल्या ट्रॅकमध्ये मिसळतो. ऑडॅसिटीतल्याच व्होकल रिडक्शन या आवाज काढायच्या सोयीमध्ये लो कटचा आकडा देऊनही बास वाचतो, पण हाताने केलं की बासची पातळी आपल्या ताब्यात राहते.

१२० मात्र डोळे मिटून टाकू नका. पुरुषाचा आवाज साधारण ८५ हर्ट्झपर्यंत खाली येतो, बाईचा साधारण १६५ पर्यंत. गायिका असेल तर मी १५० पर्यंत जातो, जड आवाजाचा गायक असेल तर १०० वर थांबतो. बासची प्रत एकटी वाजवून ऐका. गायक आत घुमताना ऐकू आला की आकडा खाली आणा. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, तिचा पाया यात वाचतो. बोटाचा टणका वरच्या पट्टीत असतो, तो थोडा जाईलच.

मोबाइलच्या स्पीकरवर तपासणं. त्यात हा बास वाजतच नाही. हेडफोन लावा.

ट्रॅक मोनोत न ऐकणं. कुरखेडा तालुक्यातल्या एका शाळेचं संमेलन होतं. गुरुजींनी मोबाइल अ‍ॅपवर करून घेतलेला ट्रॅक आणला होता. वर्गात हेडफोनवर सराव उत्तम झाला होता. मैदानावर मुली रांगेत उभ्या राहिल्या, ट्रॅक लावला आणि बॉक्समधून नुसता बास आला. पेटी नाही, बासरी नाही. गुरुजी धावत आले, "भाऊ, निस्ता धुमधुमच येऊन रायला जी!" मुली मंचावर तशाच उभ्या.

झालं असं होतं की अ‍ॅपने डावीकडे डावं वजा उजवं ठेवलं होतं आणि उजवीकडे त्याचंच उलट. बास मात्र दोन्हीकडे सरळ जोडला होता. हेडफोनवर कान ते वेगवेगळं ऐकतात. गावातले बॉक्स आणि कर्णे मोनोवर चालतात. मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र आले की वाद्यं एकमेकांना खाऊन टाकतात, बास तेवढा उरतो. मी कॉर्डची एक पिन काढली आणि गाणं परत आलं. अशी वेळ आली तर तुम्हीही एक पिन काढा. पण त्याहून आधी, घरीच ट्रॅक मोनो करून पूर्ण ऐका. एका टचमध्ये ट्रॅक करून देणाऱ्यांना तेवढी चार मिनिटं द्यायची नसतात आणि मंचावर लेकरं उघडी पडतात. याचा मला मनापासून राग येतो.

जुन्या मोनो गाण्यावर वजाबाकी करणं. हाती शांतता येते. त्याला एआयचंच सॉफ्टवेअर लागतं.

एआयवर सगळं सोपवणं. गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं स्प्लीटर डीझर कंपनीने २०१९ मध्ये मोफत खुलं केलं. डेमक्स, अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हीसुद्धा तशीच. चांगली साधनं आहेत, मीही वापरतो. पण गायक खर्जात उतरला की बासचा तुकडा आवाजाच्या भागात ओढला जातो. मी त्यातून फक्त आवाजाचा भाग घेतो, ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्ह इक्वलायझरने त्यातलं ९० हर्ट्झखालचं सगळं काढून टाकतो, तो उलटा करतो आणि मूळ गाण्यात मिसळतो. बास मूळचा, जसाच्या तसा राहतो. साधा हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) इथे लावू नका. त्याने फेज, म्हणजे लहरींचा मेळ, सरकतो आणि आवाज नीट कटत नाही.

मधल्या फाइली एमपीथ्रीत ठेवणं. एमपीथ्री करताना सुरुवातीला बारीकशी शांतता जोडली जाते, दोन फाइली जुळत नाहीत आणि वजाबाकी फसते. शेवटपर्यंत वेव्ह (WAV) फाइलच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेलं गाणं तर घेऊच नका.

आधी पट्टी बदलणं. गायकासाठी सूर खाली-वर करायचा असेल तर ते सगळ्यात शेवटी करा. पट्टी बदलताना दोन्ही चॅनेल थोडे वेगवेगळे होऊ शकतात, मग मधोमधचा आवाज पूर्ण कटत नाही.